उतरवलेल्या वाड्यांचा दगड भरावात टाकू नका, त्याची वाट करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात साताऱ्यातल्या आमच्या भागातला एक जुना वाडा उतरवायला घेतल्याचा फोटो आला होता, खाली दोन ओळी, आणखी एक वाडा इतिहासजमा वगैरे. फोटो चांगलाय. पण त्यात मागच्या बाजूला जो डंपर उभा दिसतोय त्यात काय भरलंय ते बहुतेक कुणी बघितलं नसणार. घडीव काळा दगड आहे तो, जोत्याचा. माझं सगळं आयुष्य बांधकामाच्या लाईनीत गेलंय त्यामुळं तो डंपर पुढं कुठं रिकामा होतो ते मला सांगायला लागत नाही, ओढ्याच्या कडेला नाहीतर कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावात. लाकडाला गिऱ्हाईक असतं. सागवानी खांब, तुळया, महिरपी, दिंडी दरवाजा ह्यांचा सौदा वाडा उतरायच्या आधीच झालेला असतो आणि तो माल हॉटेलात नाहीतर कुणाच्या फार्महाऊसवर जाऊन बसतो, म्हणजे निदान कुठंतरी राहतो तरी. दगडाला कोण विचारत नाही, वाहतूकच परवडत नाही.

म्हणून हे पत्र. पण आधी जरा लांबून यावं लागंल, अथेन्सवरून. कंटाळा आला तर मधला भाग गाळा, पण शेवटचा छापा ही विनंती.

भाचा पायरियसला जहाजाच्या कंपनीत आहे, पायरियस म्हणजे अथेन्सचं बंदर. त्याचं बरेच दिवस चाललेलं, मामा या, मामी या, आणि टूरबीर अजिबात करू नका. तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्या टूरच्या जाहिराती असतात त्या वाचून आमच्या सौ.चं मन तिकडं होतं कारण सोबत पोळीभाजी देणारा महाराज असतो. पण आमच्या ओळखीतले जे जोडपं तसं जाऊन आलं त्यांना अथेन्समधलं काय आठवतं विचारलं तर बस, पार्किंग आणि गाईडची छत्री. एका दुपारीत उरकतात ओ सगळं. आम्ही गेल्या ऑक्टोबरात भाच्याकडंच गेलो आणि चालत फिरलो, सौ.च्या गुडघ्याची मला काळजी होती पण तीच माझ्यापुढं चालत होती, मी दगड बघत मागं.

चालायला सुरुवात हॅड्रियनच्या कमानीपासून करावी. भर वाहत्या रस्त्याच्या कडेला उभी आहे, शेजारनं बस आणि स्कूटर चालल्यात. मागं झ्यूसचं देऊळ आहे, म्हणजे होतं. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बांधायला घेतलं ते पैशापायी आणि राजकारणापायी रखडत रखडत रोमन बादशहा हॅड्रियननं दुसऱ्या शतकात पुरं केलं, सहाशेच्या वर वर्षं काम पेंडिंग, हे वाचून मला आपल्याकडच्या कामांबद्दल जरा बरं वाटलं. १०४ खांब होते त्यातले १५ उभे आहेत. एक १८५२ च्या वादळात पडला तो अजून पडला तसाच आहे, बिस्किटाचा पुडा फुटून बिस्किटं ओळीनं कलंडावीत तसे त्याचे गोल गोल तुकडे एकामागं एक. आपल्याकडं असता तर सिमेंट लावून उभा केला असता आणि वर रंग दिला असता.

तिथनं रस्ता ओलांडला की डायोनिसिऊ अरेओपागिटू नावाचा रस्ता लागतो, नाव लक्षात ठेवायची गरज नाही, सगळे तिकडंच चाललेले असतात. ॲक्रोपोलिस म्हणजे जुन्या देवळांची टेकडी, तिच्या दक्षिण अंगानं जातो. हा आधी गाड्यांचा रस्ता होता, टूरच्या बशी इथंच लागायच्या. १९९७ पासून त्यांनी शहरातली जुनी ठिकाणं एकमेकांना चालत जोडायचं काम काढलं आणि २००४ च्या ऑलिंपिकच्या आत हा रस्ता गाड्यांना बंद करून फरसबंद केला, पुढं तोच वळून थिसिओवरनं केरामिकोसच्या जुन्या स्मशानभूमीकडं जातो. सगळं मिळून अडीच-तीन किलोमीटर असेल, म्हणजे आपल्या राजवाड्यापासनं पोवई नाक्याला जाऊन परत यावं तेवढंच म्हणा. वाटेत डायोनिससचं थिएटर, मग हेरोडसचं दगडी नाट्यगृह, इसवी सन १६१ च्या सुमाराचं, एका श्रीमंत माणसानं बायको वारली म्हणून तिच्या आठवणीसाठी बांधलेलं. पाचेक हजार माणूस बसतं आणि २०२५ पर्यंत उन्हाळ्यात तिथं कार्यक्रम व्हायचे. यानी ह्या ग्रीक संगीतकाराचा १९९३ चा तो गाजलेला कार्यक्रम इथलाच, नंतर १९९७ ला तो ताजमहालजवळ वाजवायला आला होता, आमच्या वयाच्या लोकांच्या घरी त्याची कॅसेट असायचीच.

वर ॲक्रोपोलिसवर काय आहे ते मी सांगत बसत नाही, पार्थेनॉन देवळाचा फोटो शाळेच्या पुस्तकापासनं सगळ्यांनी बघितलाय. एक-दोन गोष्टी फक्त. संगमरवर पायांनी एवढा गुळगुळीत झालाय की नुसती पाण्याची बाटली सांडली तरी माणूस जाईल. दुसरं, १६८७ ला तुर्कांनी पार्थेनॉनच्या आत तोफेची दारू साठवली होती आणि व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका तिथंच पडला, मधला सगळा भाग उडाला. किल्ल्यावरच्या दारूखान्याचं काय होतं हे आपल्याला नवीन नाही. आणि उरलेल्यातली बरीच शिल्पं एल्गिन नावाचा ब्रिटिश माणूस एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून घेऊन गेला, ती लंडनला आहेत. पायथ्याला २००९ ला नवीन म्युझियम झालंय त्यात जी नाहीत त्यांच्या जागी प्लास्टरच्या नकला लावल्यात, पांढऱ्याफटक, मुद्दाम ओळखू येतील अशा. आपल्या संग्रहालयात २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं आली तेव्हा केवढी रांग होती, आणि तीसुद्धा परत द्यायच्या बोलीवर आलेली, त्यामुळं त्या नकलांपुढं उभं राहिल्यावर ग्रीक लोकांचं दुःख सातारकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वरती अलीकडं काँक्रीटची वाट केलीय आणि २०२० च्या डिसेंबरात नवीन लिफ्ट, त्यावरनं तिकडं भरपूर भांडण झालं म्हणे. मी काँक्रीटवाला माणूस. व्हीलचेअर वर जायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दिसायला ती वाट काय चांगली दिसत नाही हो.

आता मला जे खरं सांगायचंय ते. ॲक्रोपोलिस उतरून आलो, सौ. म्हणाली बसूया, भाचा म्हणाला समोरच्या टेकडीवर बसू, फिलोपाप्पूची टेकडी, झाडी आहे, गर्दी नसते. चढायला लागलो आणि मी थांबलो. पायाखाली जी फरशी होती तसली मी कधी बघितली नव्हती. एका जागी संगमरवराचा लांब पट्टा, त्याच्या कडेला कोरलेली गोलाई, म्हणजे उघडच आहे की ही कुठल्यातरी घराच्या दाराची नाहीतर खिडकीची कड आहे. तिच्या शेजारी ओबडधोबड गावठी दगड. मधल्या फटीत कौलांचे तुकडे उभे करून बसवलेले. पुढं चार पावलांवर वेगळंच, मोठ्या चिपा, त्यांच्यात बोटाएवढी सांध, पुन्हा पुढं काँक्रीटचा चौकोन आणि त्यात मधेच एक संगमरवराची चीप. दोन हात जागा सारखी नाही. आणि तरी कुठं ठेच लागत नाही, पाणी जायला उतार बरोबर काढलेला, कडेची पन्हळसुद्धा त्याच नक्षीत मिसळलेली. मी खाली बसून सांधे बघायला लागलो तर येणारेजाणारे मला काय झालं म्हणून विचारायला लागले. सौ.ला लाज वाटली.

भाच्यानं मोबाईलवर काढून दाखवलं. दिमित्रिस पिकिओनिस नावाचा आर्किटेक्ट, कॉलेजात प्रोफेसर, चित्रं पण काढायचा. १९५४ ते १९५७ च्या दरम्यान ॲक्रोपोलिसकडं जाणारी वाट आणि ह्या टेकडीवरची वाट त्यानं केली. पक्के नकाशे आधी काढून ठेकेदाराच्या हातात दिले असं नाही केलं. गवंडी आणि स्वतःचे विद्यार्थी घेऊन जागेवर उभा राहून दगड बघून दगड लावला, हा इथं, तो तिथं, नाही जमला तर काढा. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय आली सांगू का, की ह्या कामाचं बिल कसं काढलं असेल आणि मेजरमेंट बुकात काय लिहिलं असेल. आपल्याकडं ऑडिटवाल्यानं उभं जाळलं असतं.

पण दगड कुठला होता ते ऐका. त्या काळात अथेन्समधली जुनी घरं धडाधड पाडली जात होती, एकोणिसाव्या शतकातली, चांगल्या घडणीची, दाराला संगमरवरी चौकटी असलेली. का पाडली, तर मालकाकडं बांधायला पैसा नाही, बिल्डरकडं जागा नाही. मग मालकानं जागा द्यायची, बिल्डरनं पाच-सहा मजली बिल्डिंग उठवायची आणि त्यातले काही फ्लॅट मालकाला. एक रुपया इकडंतिकडं न करता दोघांचं भागतं. ओळखीचं वाटतंय का? आपल्या सोमवार पेठेत, शनिवार पेठेत, यादोगोपाळ पेठेत हेच चाललंय. मी हे नावं ठेवायला म्हणत नाही. वाड्यात एक भाऊ राहणार, बाकीचे पुण्याला, वाटेकरी डझनभर, वरून भाडेकरू जुन्या भाड्यात, पावसाळ्यात चार खोल्यांत भांडी मांडायची, कोण आणि कसा ठेवणार वाडा? ज्याला ठेवणं होत नाही त्यानं उतरवावा, त्याला बाहेरच्यानं संस्कृती शिकवू नये. अथेन्सलासुद्धा घरं वाचली नाहीतच. अथेन्स आता बघाल तर टेकडीवरनं नजर जाईल तिथवर पांढऱ्या सिमेंटच्या बिल्डिंगच आहेत. फक्त त्या पाडलेल्या घरांचा काही माल पिकिओनिसनं उचलला आणि लोकांच्या पायाखाली लावला. आज जगातनं आर्किटेक्ट लोक ती वाट बघायला येतात. घर गेलं पण घराचा दगड शहरातच राहिला.

अथेन्सची आरती करायला मी बसलेलो नाही. जुन्या भागातनं बाहेर पडलं की त्यांचे फुटपाथ आपल्याला लाजवतील एवढे वाईट आहेत, अरुंद, मधोमध कडू संत्र्याचं झाड, झाड संपलं की स्कूटर, स्कूटर संपली की कचऱ्याचा डबा, भिंतींवर स्प्रेनं काहीबाही लिहिलेलं. आणि ऊन. २०२३ च्या जुलैत तर एवढं तापलं की दुपारी ॲक्रोपोलिस बंद ठेवायला लागलं. प्लाका ह्या जुन्या भागाच्या वरच्या अंगाला अनाफिओटिका म्हणून एक वस्ती आहे, अनाफी बेटावरचे गवंडी राजवाड्याच्या कामाला आले त्यांनी एकोणिसाव्या शतकात डोंगराच्या पोटाला स्वतःसाठी पांढरी घरं बांधली, बोळ एवढे की समोरनं माणूस आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. छान आहे पण तिथं राहणाऱ्यांच्या दारात दिवसभर फोटोवाले, त्या बायका-माणसांचं काय होत असेल. आपल्या पेठांचं तसं व्हावं अशी माझी इच्छा नाही.

आता सातारा. कासला यायला लोक कुठनं कुठनं येतात, कास २०१२ ला जागतिक वारशात गेल्यापासनं तर जास्तच. गाडी येते, समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट, वर. येताना कंदी पेढे घेतात, ते पण गाडी चालू ठेवून. शाहू महाराजांनी वसवलेलं हे गाव, छत्रपतींची राजधानी, ह्यात खाली उतरून चालावं असं कुणाला वाटत नाही कारण चालायला धड वाटच नाही. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे गावातली शेकडो माणसं चढतात, डांबरी रस्त्यानं, गाड्या चुकवत. खरंतर अदालत वाड्यापासनं पायवाट निघते आणि वर जाऊन गाडीरस्त्याला मिळते, सगळ्या जुन्या लोकांना माहितीय. ती वाट पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा.

माझं म्हणणं एवढंच आहे की राजवाड्यापासनं अदालत वाड्यावरनं ह्या पायवाटेनं वर महादरवाजापर्यंत एक चालायची वाट करावी आणि ती उतरवलेल्या वाड्यांच्या दगडानं करावी. एकदम करायची गरज नाही. जसा वाडा उतरेल तसा दगड येईल, तशी वाट पुढं सरकेल. दहा वर्षं लागली तर लागू द्या.

लगेच लोक म्हणतील पेव्हर ब्लॉक टाका, स्वस्तात होतंय. पेव्हर ब्लॉक मी पुष्कळ टाकलेत. खालची कच दाबली नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यात बसतात, एक ब्लॉक निघाला की शेजारचे चार निघतात, आणि मग तिथं कुणीतरी काँक्रीटचा गोळा टाकून जातं. आपला काळा दगड जोत्यात दोनशे वर्षं बसलेला आहे, त्याला आता आणखी काय बसायचं राहिलंय. पावसाळ्यात घसरेल म्हणाल तर टाकी मारलेली बाजू वर ठेवायची, आणि जिथं सावली जास्त तिथं शेवाळ धरतं तिथं जांभा वापरायचा, तो खरबरीत असतो. चढ जास्त असेल तिथं पायऱ्या, आणि खालच्या सपाट भागात व्हीलचेअरला, बाबागाडीला सलग पट्टा सोडायचा, तो काँक्रीटचा असला तरी माझी हरकत नाही.

पण एक पथ्य पाळायला लागेल आणि ते अथेन्सला नव्हतं. वाड्यातनं निघणारा सगळाच दगड पायाखाली घालता येणार नाही. देवळीचा दगड, वृंदावनाचा दगड, कुठं भिंतीत वीरगळ निघाला तर तो, हे बाजूला काढून संग्रहालयाकडं जायला हवं. आणि उंबरा. आपल्याकडं उंबऱ्यावर पाय देत नाहीत, त्याला हळदकुंकू लागलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं जन्मभर पुजलेला उंबरा वाटेत टाकला आणि त्यावरनं लोक चपला घालून गेले तर तिला काय वाटेल? तर उंबरे खाली घालायचेच नाहीत, ते वाटेच्या कडेला बसायला लावायचे, नाही, बसायलाही नको, कठड्यात उभे लावायचे. हे मी घरात बोललो तेव्हा सौ.नं सुचवलं, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाटा-वरवंटा, उखळ असल्या वस्तू निघतात त्या मात्र खुशाल वाटेत बसवाव्यात, पोरंसोरं विचारतील तरी हे काय म्हणून.

दगड बसवायला माणूस आहे का, तर आहे. अजून रस्त्याच्या कडेला पाटे घडवत बसलेली मंडळी दिसतात, त्यांना छन्नी-हातोड्याचं काम शिकवावं लागत नाही, फक्त फुटाच्या भावानं काम देऊन घाई करू नये, रोजंदारीनं द्यावं आणि एक जाणता माणूस रोज जागेवर उभा राहावा. इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरच्या पोरांना इंटर्नशिप म्हणून आणा, कॉम्प्युटरवर रेघा मारण्यापेक्षा चार महिने दगड उचलले तर बरं होईल. मालकाला काय मिळणार हा प्रश्न येणारच. दगड त्याचा आहे, फुकट मागू नये. डंपरचं भाडं त्याला भरावात टाकायला पण पडतंच, तेवढं वाचवून द्या आणि थोडं वर द्या, बहुतेक जण देतील. ज्या पेठेचा दगड त्या पेठेचं नाव एका दगडावर बारीक अक्षरात कोरा, मालकाचं घराणं घालायचं असेल तर घाला. पण सौजन्याचा फ्लेक्स नको. वाट असायची दहा फूट आणि फ्लेक्स वीस फूट.

आणि पहिलं काम पैशाचं नाहीच. पहिलं काम जागेचं आहे. वाडे उतरवायचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो तो पाऊस येईपर्यंत, आत्ता चालूच आहे. कुठंतरी एक मोकळी जागा, कंपाउंड घातलेली, जिथं निघालेला दगड रचून ठेवता येईल आणि प्रत्येक ढिगावर चुन्यानं पेठेचं नाव टाकता येईल, एवढी ज्यांच्या हातात आहे त्यांनी द्यावी. गावात एखाद्या संस्थेकडं, शाळेकडं अशी पडीक जागा असेल तर त्यांनीही पुढं यावं. दगड बघून कुठला ठेवायचा कुठला सोडायचा हे सांगायला मी स्वतः यायला तयार आहे, मानधन नको, सकाळी आठच्या आत बोलवा म्हणजे उन्हाच्या आत उरकेल. ज्यांचा वाडा ह्या दोन-चार महिन्यांत उतरायचाय त्यांनी डंपरवाल्याशी बोलायच्या आधी निदान जोत्याचे घडीव दगड वेगळे काढायला लावावेत, परसात रचून ठेवले तरी कुजत नाहीत.

आपला,
एक वाचक
चिमणपुरा पेठ, सातारा

ता.क. अथेन्सला जाणाऱ्यांनी विचारलंय म्हणून. ॲक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासनं दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि वेळेचा स्लॉट असतो, तो घरूनच ऑनलाईन बुक करून जा, शक्यतो सकाळचा पहिला. चामड्याच्या तळव्याची चप्पल नको, रबरी सोलचे बूट घाला. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटली भरून घ्या. मोनास्तिराकीच्या मेट्रो स्टेशनात उतरलात तर खाली जुनी एरिदानोस नदी बांधून काढलेली दिसते, ती बघायला वेगळं तिकीट नाही.